चौथ्या महिन्याचे केस: राजारामपुरीतल्या एका सलूनमधलं बालायाजचं प्रकरण

या प्रकरणातल्या बाई चव्वेचाळीस वर्षांच्या. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, उचगावच्या बाजूला राहतात, रोज ॲक्टिव्हावरून ये-जा. केस खांद्याच्या खाली, मुळापासून टोकापर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर, जाड आणि किंचित लाटदार. गेली सहा वर्षं दर तीन आठवड्यांनी घरीच पाकिटातला काळा रंग. पांढरे केस डोक्यावर एकूण चौथा हिस्सा, पण सारखे पसरलेले नाहीत. दोन्ही कानशिलांवर आणि भांगाच्या पुढच्या चार बोटांत दाट, मानेवर जवळजवळ नाहीतच.

त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता हे लिहिते आहे. असंच डोकं घेऊन येणाऱ्या बायका कोल्हापुरात खूप आहेत, आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेकदा शेड कार्ड पुढ्यात धरून दिलेला असतो. शेड हा या कामातला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे.

मार्चअखेरीस त्या आल्या तेव्हा मागणी अगदी सरळ होती. “दर तिसरा रविवार माझा डोक्याला पिशवी बांधण्यात जातो. पेपर तपासायचे का हे करत बसायचं? आणि केस रंगवलेत असं कुणाला वाटायला नको. मी वर्गात उभारलो की पोरींचं लक्ष फळ्याकडं पाहिजे, माझ्या डोक्याकडं नको.”

पहिल्या दिवशी केस कसे दिसतात याला मी फार किंमत देत नाही. ब्लो-ड्राय करून खुर्चीतून उठलेलं कुठलंही डोकं छान दिसतं. देखभाल कमी हवी असेल तर रंग निवडायचा तो चौथ्या महिन्याकडे बघून. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. चार महिन्यांत मुळाशी पाच सेंटिमीटर नवे केस आलेले असतात, वरचा रंग थोडा उतरलेला असतो, आणि कॉलेज, घर, सणवार यांत पार्लरला यायला वेळ नसतो. त्या दिवशी आरशात काय दिसेल, हा माझा पहिला प्रश्न असतो.

भाचीनं पाठवलेला फोटो

बाईंच्या मोबाइलवर भाचीनं पाठवलेला एक फोटो होता. लांब केस, राखाडीकडे झुकणारा फिकट बेज रंग, मुळाशी गडद. “हे असं काहीतरी,” त्या म्हणाल्या, पण आवाजात खात्री नव्हती.

फोटोतले केस बालायाजचे होते. ब्रशनं, हातानं केसांवर रंग ओढायची ही पद्धत १९७० च्या दशकात पॅरिसमधल्या कारिता सलूनमधून पुढे आली. ती ज्या डोक्यांवर घडली त्यांचे मूळ केस पुष्कळदा फिकट तपकिरी. रंगकामात केसांची गडदता १ ते १० अशी मोजतात, १ म्हणजे निखळ काळा, १० म्हणजे सर्वांत फिकट सोनेरी. फोटोतल्या मुलीचे मूळ केस ६ च्या आसपास होते आणि उजळलेला भाग ९. तीन पायऱ्यांचं काम. आमच्या बाईंचे मूळ केस २, त्यावर सहा वर्षांचा पाकिटातला १. तिथून ९ पर्यंत आठ पायऱ्या.

वर जाताना प्रत्येक पायरीवर केसांच्या पोटातला उबदार रंग बाहेर येतो. ४-५ वर लाल, ६ वर नारिंगी, ७ वर नारिंगीतून पिवळा, ८ च्या पुढे पिवळा. राखाडी छटा हवी तर हे सगळं ओलांडून पिवळ्यावर पोचायचं आणि वर टोनर, म्हणजे उजळलेल्या केसांची छटा बदलणारा हलका रंग, चढवायचा. टोनर सहा ते आठ आठवड्यांत धुऊन जातो आणि खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणजे तीन आठवड्यांची चाकरी सोडून सहा आठवड्यांची धरायची, आणि केस कमजोर व्हायचे ते वेगळंच. शिवाय गव्हाळ, सावळ्या चेहऱ्याशेजारी ती राखाडी छटा थकवा दाखवते, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या केसांतली ऊब लपवायची कशाला? तिला हव्या त्या पायरीवर थांबवता येतं.

हे मी त्यांना सांगितलं, आणि फोटो बाजूला ठेवून केसांकडे वळले.

केसांत लिहिलेली तीन वर्षं

महिन्याला सव्वा म्हणजे वर्षाला १५ सेंटिमीटर. ४५ सेंटिमीटर लांब केसांत साधारण तीन वर्षांचा हिशेब असतो. त्याआधी लावलेलं सगळं कापून गेलेलं असतं, पण या तीन वर्षांत लावलेलं काहीही विसरून चालत नाही. बाई दर वेळी उरलेला रंग “वाया कशाला घालवायचा” म्हणून टोकांपर्यंत ओढायच्या. त्यामुळे मुळाशी रंगाचा एक थर आणि टोकांना कित्येक थर. वर आणखी गडद किंवा फिकट रंग लावून आधीचा रंग हलत नाही. रंगानं रंग उचलला जात नाही, त्याला केसांतला रंग काढणारा लाइटनरच लागतो, आणि असे थर सारखे उजळत नाहीत.

“मेंदी लावली होती का कधी?” 

“नाही गं. रंग सुरू केल्यापासून कधीच नाही.”

तरीही बटेची चाचणी केली. कान, टाळू आणि मान अशा तीन ठिकाणांहून एकेक बारीक बट मुळाजवळून कापली. काचेच्या वाटीत ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे वीस भाग आणि अमोनियाच्या पाण्याचा एक भाग घेऊन त्यात बटा अर्धा तास बुडवून ठेवल्या. काही पाकिटातल्या ‘काळ्या मेंदी’त आणि हळूहळू केस काळे करणाऱ्या काही उत्पादनांत धातूंचे क्षार असतात. असे क्षार असले तर वाटीतली बट गरम होते, उग्र वास सुटतो, कधी केस तुटतात. तेच डोक्यावर घडू द्यायचं नसेल तर वाटीत आधी बघावं. इथे तसं काही झालं नाही.

दुसऱ्या बटांना लाइटनर लावला तेव्हा मात्र गोष्ट उलगडली. मुळाकडचा भाग बऱ्यापैकी उजळला, मधला भाग हळूहळू लालसर तपकिरी झाला, आणि शेवटचा आठ-एक सेंटिमीटरचा तुकडा विटकरी होऊन तिथेच अडकला. पुढे वेळ देऊनही हलला नाही. हे मेंदीचं लक्षण. मेंदीतलं लॉसोन केसांच्या केराटिनला धरून बसतं आणि लाइटनरला दाद देत नाही. हिशेब मांडला. टोकापासून आठ, म्हणजे मुळापासून सदतीस सेंटिमीटर, भागिले सव्वा: साधारण तीस महिने.

“अडीच वर्षांपूर्वी, गौरी-गणपतीच्या सुमारास काही लावलं होतं का?”

त्या थोड्या वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आई आलेली. तिनं बसवून लावली होती गं. एकदाच. ते मी धरलंच नव्हतं.”

बायका खोटं सांगत नाहीत. आईनं लावलेली मेंदी त्यांच्या लेखी केसांवरचा रंग नसतो, ती माया असते. म्हणून विचारताना “रंग लावला का” एवढंच न विचारता सण, लग्न, बाळंतपण असे टप्पे धरून विचारावं.

मेंदीचा तो भाग कापायचा ठरला. शेवटची चार बोटं, सात-आठ सेंटिमीटर. प्रत्येक केसाची सुरुवात वेगळी असल्यानं रेघ मारल्यासारखी सगळी मेंदी गेली नसेल, पण अडणारा भाग बहुतेक निघाला.

खाज

बोलता बोलता त्या म्हणाल्या की रंग लावला की दोन दिवस कानामागे खाज येते, गेल्या वर्षापासून जरा जास्तच. “सगळ्यांनाच येते की.”

सगळ्यांना येत नाही. कायम टिकणाऱ्या बहुतेक गडद रंगांत पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन किंवा त्याचं जवळचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरून मग कधीतरी सुरू होऊ शकते, आणि एकदा सुरू झाली की पुढच्या वेळी डोळे, चेहरा सुजेपर्यंत जाऊ शकते. मी सलूनमध्ये कोपराच्या आत थेंब लावून ४८ तास थांबायची चाचणी नेहमी करते, पण आधीच खाज येणाऱ्या माणसावर ती करत बसणं मला पटत नाही. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोबत पाकिटावरची घटकांची यादी दिली आणि लाइटनरमधल्या परसल्फेटचीही चाचणी व्हावी असं चिठ्ठीवर लिहिलं, कारण परसल्फेटमुळेही काहींना अंगावर गांधी उठतात, दम लागतो.

पाठीवर पट्ट्या लावून चाचणी झाली. पीपीडी पॉझिटिव्ह, परसल्फेट निगेटिव्ह. डॉक्टरांनी पाकिटातला रंग कायमचा बंद करायला सांगितला, आणि ज्या रसायनांना हीच ॲलर्जी उठू शकते तीही टाळायला सांगितली.

हा निकाल घेऊन त्या आल्या तेव्हा डोळे भरून आले होते. “म्हणजे मी आता म्हातारं दिसायचं का?”

मला त्या क्षणी उलट वाटत होतं. आता निवड सोपी झाली होती. मुळापासून झाकणारा कुठलाही रंग बाद. अर्ध-कायम रंगही बाद, कारण त्यांतही याच कुळातली रसायनं असतात. नेहमीचे बहुतेक टोनरही त्याच कारणानं बाद. उरलं काय? टाळूला न लागता, केसांच्या दांड्यावर हवेत ओढलेला लाइटनर, आणि पांढरे केस लपवण्याऐवजी त्यांना सोबत देणाऱ्या उजळ बटा. पांढरा केस काळ्याभोर केसांत उठून दिसतो, तपकिरी-उजळ बटांमध्ये तो त्यातलाच एक होऊन जातो.

फॉइलमधले हायलाइट्स का नाही, असं त्यांनी विचारलं. फॉइलमध्ये बट थेट मुळापासून, सारख्या रुंदीची उजळते, म्हणून वाढ आली की मुळाशी सरळ रेघ दिसते. नुसती मेंदी पांढऱ्यावर नारिंगी चढते, दर महिन्याची होते, आणि पुढे उजळायचं दार बंद करते. सगळं सोडून पांढरे वाढू द्यायचे, हाही चांगला मार्ग आहे, आणि तो मी त्यांच्यासमोर मनापासून ठेवला. त्यांना अजून तो नको होता. बस्स, तेवढं कारण पुरे.

सहा आठवडे काहीच न करणं

सगळ्यांत अवघड भाग हा होता. मी त्यांना मे महिन्यापर्यंत डोक्याला काहीही न लावता थांबायला सांगितलं. पांढरे नक्की कुठे आहेत, किती दाट आहेत, हे रंगाखाली दिसत नाही. सहा आठवड्यांत दोनेक सेंटिमीटर मूळ केस बाहेर आले की नकाशा समोर येतो. स्टाफरूममध्ये एका सहकारी मॅडमनी “काय, तब्येत बरी नाही का?” असं विचारलं, ते त्यांना फार लागलं. त्या आठवड्यांत मी भांग एका बाजूला, वाकडा पाडायला शिकवलं. वाकड्या भांगात रेघ तुटते आणि पांढरं अर्धं दिसतं. ही युक्ती फुकट आहे आणि पुढेही उपयोगी पडते.

त्यांच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. अशा पाण्यातले लोह, तांबं, कॅल्शियम केसांवर बसत राहतात. तांबं-लोह पेरॉक्साइडशी भांडतं, आणि उजळलेला रंग पितळी करतं. म्हणून धातू धरून धुऊन काढणारं ईडीटीए असलेल्या शाम्पूनं दोनदा धुऊन घेतलं, शेवटचं धुणं रंगकामाच्या दोन दिवस आधी. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, एक तांब्या पुरतो, असंही सांगितलं.

मे महिन्यातली बैठक

पहिलं काम मी केलं ते केस बांधायचं. बाई रोज केस क्लचरमध्ये बांधतात, दुचाकीवर हेल्मेट, सणाला अंबाडा. मोकळे केस त्या वर्षातून कितीदा सोडणार? तरी बहुतेक ठिकाणी बटा मोकळ्या केसांवर आखल्या जातात. बांधल्यावर त्या आत गडप होतात आणि कानामागचे काळे पट्टे बाहेर येतात. मी क्लचर लावून, मग अंबाडा घालून, समोरून आणि बाजूनं बघितलं आणि ज्या बटा वर राहतात त्यांना छोट्या चिमट्यांनी खुणा केल्या. कानशिलांवरचे केस मागे ओढले जातात तेव्हा त्यांची खालची बाजू दिसते, म्हणून तिथे ब्रश खालूनही फिरायला हवा होता.

मिश्रण मातीचा अंश असलेल्या लाइटनरचं, ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये, घट्ट. १२ टक्क्यांनी वेळ वाचतो, पण सहा वर्षं रंगवलेल्या केसांना ते सोसणारं नाही. हवेत काम करताना लाइटनर वाळला की काम थांबवतो. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यातही पंखा बंद. बाई तक्रार न करता घामाघूम होऊन बसल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रंगवलेल्या प्रत्येक बटेवर पातळ प्लास्टिकची पट्टी ठेवत गेले.

भांगाजवळ आणि कानशिलांवर अगदी बारीक बटा घेतल्या, दोऱ्यासारख्या नाही पण बोटाच्या निम्म्याहून कमी. टाळूपासून सेंटिमीटरभर सोडून ब्रशचं फक्त टोक टेकवलं आणि खाली उतरता उतरता दाब वाढवला. बट फळीवर ताणून धरायची, ब्रश उभा, रंग वरच्या पृष्ठभागावरच. टोकांकडे मात्र आरपार भिजवायचं. असं केलं की सुरुवात कुठे झाली हे डोळ्याला सापडत नाही. बाकी डोक्यावर सुरुवात चार बोटं खाली, आणि शेजारच्या दोन बटा कधीच एका उंचीवर नाहीत. नवे मूळ केस आणि रंगवलेले काळे यांच्यामधल्या सीमेवरून मुद्दाम आडवेतिडवे फटके घेतले, ती रेघ मोडायला. मानेवर हात लावला नाही. तिथे पांढरं नाही, आणि तो काळा भाग वरच्या उजळाला खोली देतो.

क्रमही महत्त्वाचा. थरांनी भरलेली टोकं आधी, मधला भाग नंतर, मुळाजवळचं सगळ्यांत शेवटी. मुळाजवळचे केस कोरे आणि डोक्याच्या उष्णतेजवळ, ते भराभर उजळतात.

दर दहा मिनिटांनी ओल्या कापसानं एक केस पुसून बघत होते. चाळीस मिनिटांच्या सुमारास कानशिलं ६ वर आली, टोकं साडेपाच, मधला पट्टा ५ वर लालसर होऊन रेंगाळला. इथे मोह होतो, अजून दहा मिनिटं. मी धुऊन टाकलं. मधल्या पट्ट्याचा लालसरपणा या रंगसंगतीत खपतो. तुटलेला केस मात्र कशातच खपत नाही.

धुतल्यावर उघडं नारिंगी दिसलं, ते अपेक्षित होतं. त्याला शांत करायला निळी छटा लागते, कारण निळा नारिंगीला दाबतो. नेहमीचा टोनर बाद असल्यानं फक्त वरवर बसणारे थेट रंग असलेला निळा मास्क घेतला. त्याची घटकांची यादी डॉक्टरांना आधीच दाखवली होती आणि कोपरात ४८ तास लावूनही बघितला होता. कंडिशनरमध्ये पातळ करून काही मिनिटं. नारिंगी पूर्ण मारलं नाही, फक्त बसवलं. वाळवल्यावर बाईंनी खिडकीजवळ जाऊन बट उन्हात धरली आणि म्हणाल्या, “काकवीचा रंग आहे हा.” खरंच तसा होता, सावलीत गडद, उन्हात लालसर सोनेरी.

घरासाठी सांगितलं ते थोडकं. सल्फेट नसलेला शाम्पू. दोन आठवड्यांतून एकदा निळा शाम्पू, दोन मिनिटं, जास्त नाही. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल: ते केसांच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन कमी करतं, ही गोष्ट प्रयोगांत दिसलेली आहे आणि आपल्या आज्यांना आधीच माहीत होती. निळा शाम्पू आणि तेल एकाच दिवशी नको, तेलकट केसांवर निळा धरत नाही. आणि पाकिटातला रंग घरात ठेवूसुद्धा नका, पाहुण्यांच्या आदल्या रात्री हात जातो.

सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत त्या आल्या. मधल्या काळात एकदाही नाही. मुळाशी सात सेंटिमीटर मूळ केस: मेपर्यंतचे दोन आणि नंतरचे पाच. कानशिलांवर पांढरे भरपूर वाढले होते, पण उजळ बटांमध्ये ते अशा रीतीनं मिसळले होते की मलाही दोन हात अंतरावरून वेगळे काढता येईनात. भांगावर तेच. निळी छटा कधीच गेली होती आणि नारिंगी थोडं उघडं पडलं होतं, पावसाळ्यात ओले केस बांधून ठेवल्यानं टोकं कोरडी. तेवढं कापलं.

एक जागा मात्र उरली: डोक्याचा मागचा माथा, जिथे क्लचर बसतो त्याच्या वर. तिथे नवे मूळ केस आणि जुना काळा रंग यांची सीमा दिसत होती, कारण मे महिन्यात तिथे मुद्दाम कमी बटा घेतल्या होत्या. एका बैठकीत सगळीकडे उजळवलं असतं तर डोकं एकदम बदललं असतं, आणि ते त्यांना नको होतं. आता फक्त त्या भागात बारीक बटा घेतल्या आणि पुन्हा तोच मास्क. पुढचे केस तसेच ठेवले.

त्या म्हणाल्या की कॉलेजात कुणी रंगाबद्दल विचारलं नाही, पण दोघीतिघींनी “बारीक झालात का?” असं विचारलं. मला याहून चांगली पावती नको. आईनं मात्र एकच विचारलं, मेंदी का बंद केली. त्यांनी आईला डॉक्टरांचा कागद दाखवला नाही, उन्हात बट दाखवली.

आता मुळापासून सात सेंटिमीटरच्या खाली साधारण छत्तीस सेंटिमीटर जुने रंगवलेले केस उरलेत. लांबी हीच ठेवून टोकं कापत गेलं तर ते पूर्ण निघून जायला अडीच वर्षांच्या आसपास लागतील. तोवर वर्षातून दोन-तीनदा त्या येतील, आणि प्रत्येक वेळी ब्रश थोडा थोडा खाली सरकेल, पांढरे वाढतील तसतसं वरचं काम कमी होत जाईल. पुढची तारीख त्यांनी फेब्रुवारीत मागितली आहे, बारावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आधीची.